एक नाव, अनेक पाठ : विनसॉकची जन्मकथा

संहितेचा इतिहास लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठभेद, प्रक्षेप, मूळ प्रत आणि नक्कल या गोष्टींचा विचार मराठी अभ्यासकाला अपरिचित राहिलेला नाही. संगणकाच्या आज्ञावलींनाही असाच इतिहास असू शकतो, हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. आज्ञावली हा यंत्राचा भाग, आणि यंत्र अभियंत्यांचे, अशी आपली सोयीस्कर वाटणी असते. वस्तुतः आज्ञावलीही कोणीतरी लिहितो. तिच्या नकला होतात. तिच्यात परक्या हातांची भर पडते. तिच्या कर्तृत्वावरून वाद होतात आणि ते न्यायालयापर्यंत जातात. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका छोट्या संहितेची हकिगत मांडणार आहोत. तिचे नाव ‘विन्डोज सॉकेट्स’. लोकांनी त्याचे ‘विनसॉक’ केले. नव्वदच्या दशकात घरोघरीच्या टेबलावरचे संगणक इंटरनेटला जोडले गेले ते प्रामुख्याने हिच्या आधारे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी लागेल. निरनिराळ्या जातीच्या संगणकजाळ्यांना एकमेकांशी बोलता यावे यासाठीची कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली एका निबंधात मांडली. तिच्यातून टीसीपी/आयपी हे संकेत सिद्ध झाले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे त्या संकेतांवर आले. त्याच वर्षी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्स प्रणालीची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली आणि तीत ‘सॉकेट’ ही संकल्पना आणली. भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटमध्ये आपण प्लग खुपसतो तेव्हा वीज कोयनेहून आली की चंद्रपूरहून, हे पंख्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. बर्कलीच्या सॉकेटने आज्ञावलीकाराला तीच निश्चिंती दिली. सॉकेट तयार करा, पलीकडच्या संगणकाशी जोडा, पाठवा, घ्या, मिटवा : एवढ्या मोजक्या क्रियापदांत दूरच्या यंत्राशी संभाषण करता येऊ लागले. तारा, मोडेम, हरवलेली पाकिटे पुन्हा मागवणे ही सारी उस्तवार त्या क्रियापदांच्या आड गेली.

हे सुख युनिक्सच्या दुनियेतले. टेबलावरच्या संगणकांची अवस्था अगदी वेगळी होती. मायक्रोसॉफ्टचे विन्डोज ३.० हे १९९० साली आले, ३.१ हे १९९२ साली. दोहोंतही टीसीपी/आयपी अंगभूत नव्हते. ही उणीव इतर कंपन्या भरून काढीत. एफटीपी सॉफ्टवेअर, नेटमॅनेज, सन मायक्रोसिस्टिम्स, नॉव्हेल अशा अनेकांनी आपापले संच विकायला काढले होते. प्रत्येकाचा संच जाळ्याशी नीट बोलत असे. पण वरच्या बाजूने, म्हणजे आज्ञावलीकाराशी बोलताना, प्रत्येकाची बोली निराळी. टपालाची एखादी आज्ञावली लिहायची तर ती एका संचासाठी एकदा, दुसऱ्यासाठी पुन्हा, तिसऱ्यासाठी आणखी एकदा जुळवून घ्यावी लागे.

युनिकोडपूर्व काळात संगणकावर मराठी लिहिलेल्यांना ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या काळी प्रत्येक फॉन्टविक्रेत्याने ‘क’ला आपल्या मर्जीने वेगळा क्रमांक दिलेला होता. एका संगणकावर टंकलेला लेख दुसऱ्यावर उघडला की पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटे. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ सालीच जाहीर झाले होते. परंतु प्रमाण असणे आणि ते पाळले जाणे यांत अंतर असते. विनसॉकच्या कथेचे वेगळेपण हे, की तेथे हे अंतर फार लवकर मिटले. ते का मिटले, हा खरा प्रश्न आहे.

ऑक्टोबर १९९१ मध्ये जेएसबी सॉफ्टवेअरचे मार्टिन हॉल यांनी समव्यवसायी मंडळींच्या अनौपचारिक चर्चेत एक प्रस्ताव ठेवला : विन्डोजसाठी सर्वांनी मिळून एकच सॉकेट-संहिता ठरवावी. त्यांच्यासह मार्क टौफिक, सनचे जेफ अर्नोल्ड आणि मायक्रोसॉफ्टचे हेन्री सँडर्स व जे. अलार्ड अशा पाच जणांनी, इतर अनेकांच्या साहाय्याने, तिचा मसुदा तयार केला. पहिली आवृत्ती जून १९९२ मध्ये निघाली. जी खऱ्या अर्थाने रूढ झाली ती १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मधली. प्रस्तावापासून रूढ संहितेपर्यंत सव्वा वर्ष. प्रमाणीकरणाच्या समित्या ज्या गतीने चालतात ती पाहता हा वेग विलक्षण म्हणावा लागेल.

येथे एक तपशील साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम टिपून ठेवावा असा आहे. ही संहिता मालकीची कोणाची? परस्परांच्या स्पर्धक कंपन्या एकत्र बसून काही ठरवू लागल्या की कायद्याचे प्रश्न उभे राहतात. एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणसंस्थेकडे जावे किंवा स्वतंत्र विश्वस्त संस्था काढावी, असेही पर्याय चर्चेत आले. अखेरीस ठरले ते असे, की स्वामित्वहक्क त्या पाच लेखकांच्या नावे राहावा, आणि तोही कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, निव्वळ व्यक्ती म्हणून. ज्या क्षेत्रात लेखकाचे नाव सहसा कंपनीच्या नावाआड लुप्त होते, तेथे ‘लेखक’ ही जुनी, काहीशी मोडीत काढलेली संस्था अशी कामी आली. लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या समीक्षेला हा प्रसंग विचार करायला लावील, असे आम्हांला वाटते.

आता संहितेच्या अंतरंगाकडे वळू. बर्कलीची संहिता मूळ लेखनाच्या पातळीवर समान होती : तीच आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेऊन पुन्हा संकलित केली की चाले. विनसॉकने याहून मोठे वचन दिले. एकदा संकलित होऊन चकतीवर उतरलेली आज्ञावली, तिच्यात अक्षराचाही बदल न करता, कोणत्याही कंपनीच्या संचावर चालली पाहिजे. हे साधण्याची युक्ती साधी होती. प्रत्येक कंपनीने आपल्या संचात ‘विनसॉक.डीएलएल’ याच नावाची फाइल द्यायची, आणि तिच्यात ठरलेल्या नावांची, ठरलेल्या क्रमांकांची, ठरलेल्या वर्तनाची कार्ये ठेवायची. आज्ञावली सुरू होताच त्या नावाची फाइल शोधी, ‘माझ्याजवळ १.१ आवृत्तीची अपेक्षा आहे, तुझ्याजवळ काय आहे?’ अशा आशयाची विचारणा करी, आणि होकार मिळाला की कामाला लागे. नाव एक, बाह्य रूप एक. आतला मजकूर मात्र प्रत्येकाचा स्वतःचा.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला येथे मौज वाटेल. आपल्याकडे एका मूळ संहितेपासून नकला होत होत पाठभेद निर्माण होतात. येथे उलटे होते : मूळ पाठ असा नव्हताच. होता तो करार. आणि त्या कराराचे अनेक स्वतंत्र पाठ एकाच नावाने वावरत होते. त्यातून गोंधळही झाले. एकाच संगणकावर दोन कंपन्यांच्या ‘विनसॉक.डीएलएल’ नांदू लागल्या, की विन्डोजला जी आधी सापडे ती उचलली जाई, आणि एकाची फाइल दुसऱ्याच्या संचाशी जुळत नसल्यामुळे सारेच बंद पडे. दुसरा गोंधळ नावाचा. संहिता घडवणाऱ्या मंडळींचा ‘विनसॉक’ या लघुरूपाला बराच काळ विरोध होता, कारण लोक करार आणि फाइल यांत गल्लत करू लागले होते. ती फाइल मिळवून ठेवली की इंटरनेट आले, असा समज पसरला होता. चिन्ह आणि चिन्हित यांतला भेद वर्गात शिकवताना आपण झाडाचे उदाहरण देतो; हेही द्यायला हरकत नाही.

बर्कलीची क्रियापदे विन्डोजमध्ये जशीच्या तशी उतरणे शक्य नव्हते. भाषांतराच्या अडचणी येथेही होत्या. युनिक्समध्ये सॉकेट हा फाइलचाच एक प्रकार. फाइल वाचण्या-लिहिण्याची आणि मिटण्याची क्रियापदे त्याला चालतात. विन्डोजमध्ये तसे नाते नव्हते, म्हणून सॉकेट मिटण्यासाठी वेगळे क्रियापद घडवावे लागले. याहून मोठी अडचण वाट पाहण्याची. विन्डोज ३.१ मध्ये एका वेळी अनेक आज्ञावली चालत त्या परस्परांच्या सौजन्यावर. सभेत ध्वनिक्षेपक एकच. प्रत्येक वक्त्याने चार वाक्ये बोलून तो स्वखुशीने पुढच्याच्या हाती द्यायचा. एखादा वक्ता ‘दिल्लीहून तार येईपर्यंत मी येथेच उभा आहे’ असे म्हणून अडून बसला तर सभा खोळंबणार. बर्कलीची ‘घ्या’ ही क्रिया नेमकी अशी अडून बसणारी होती.

यावर विनसॉकने दोन उपाय योजले. एक तडजोडीचा : क्रिया वाट पाहत असतानाच ग्रंथालयाने आतल्या आत इतरांना वाट करून द्यावी. दुसरा विन्डोजच्या प्रकृतीला धरून : आज्ञावलीने निरोप ठेवून मोकळे व्हावे, आणि मजकूर येताच विन्डोजने तिच्या खिडकीकडे तसा संदेश धाडावा. विन्डोजमधील प्रत्येक आज्ञावली अगोदरच माऊसच्या आणि कळफलकाच्या संदेशांची वाट पाहत असे. त्यांत आता दूरदेशीच्या संदेशाची भर पडली. मूळ भाषेतील वाक्यरचना सोडून लक्ष्यभाषेची वाक्यरचना स्वीकारणारे हे भाषांतर होते, आणि चांगल्या भाषांतराप्रमाणेच ते मुळाहून अधिक स्वाभाविक वाटू लागले.

साहित्याशी थेट नाते सांगणारा एक तपशीलही या संहितेत बर्कलीकडून आला. मोठी संख्या साठवताना तिचा मोठा भाग आधी ठेवावा की लहान, याविषयी यंत्रांत दोन पंथ आहेत. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी या भांडणावर एक टिपण लिहिले आणि पंथांना नावे दिली ती जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून, जेथे अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून युद्धे होतात. इंटरनेटने मोठ्या टोकाची रीत स्वीकारली. विन्डोज चालणाऱ्या इंटेलच्या चिपांची रीत लहान टोकाची. म्हणून प्रत्येक संख्या जाळ्यावर धाडण्यापूर्वी उलटवून घेणारी छोटी कार्ये विनसॉकमध्ये ठेवावी लागली. ती वापरायला विसरले तर ८० क्रमांकाचे दार ठोठावण्याऐवजी २०४८० क्रमांकाचे ठोठावले जाई. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण ‘२५’ लिहिताना दशक आधी लिहितो आणि ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो. दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ अशी रीत आली तेव्हा, २०१९ साली, महाराष्ट्रात केवढा वाद झाला हे स्मरणात असेलच. स्विफ्टचा उपहास आपल्यालाही लागू होता.

करार प्रसिद्ध झाला आणि त्याचे फळ लगेच दिसू लागले. वरच्या बाजूने कोणीही आज्ञावली लिहावी, खालच्या बाजूने कोणीही संच लिहावा. दोघांनी एकमेकांना भेटण्याची गरज उरली नाही. १९९३ साली कॉर्नेलच्या विधी महाविद्यालयातील टॉमस ब्रूस यांनी वकिलांसाठी ‘चेलो’ हा विन्डोजवरचा ब्राउझर काढला. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाचा ‘मोझॅक’ विन्डोजवर आला. १९९४ च्या अखेरीस ‘नेटस्केप’. खालच्या बाजूने सर्वांत दूरवर पोहोचलेला संच मात्र कोणत्याही मोठ्या कंपनीचा नव्हता. टास्मानिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काम करणारे पीटर टॅटम यांनी तो लिहिला. त्याचे नाव ‘ट्रम्पेट विनसॉक’. आधी वापरा, पटले तर २५ डॉलर पाठवा, अशी त्याची शेअरवेअर पद्धत होती. साध्या टेलिफोनवरून मोडेमने इंटरनेट घेणाऱ्या कितीतरी लोकांच्या विन्डोज ३.१ ला या संचाने जाळे दाखवले.

पैसे पाठवणारे त्या मानाने थोडेच निघाले. चकत्यांवरून, मासिकांबरोबर, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या स्वागतसंचांतून ट्रम्पेट सर्वत्र गेला. ऑस्ट्रेलियातील ओझईमेल या कंपनीने त्यात बदल करून मासिकांबरोबरच्या चकत्यांवर तो वाटला, तेव्हा प्रकरण तेथील संघीय न्यायालयात गेले. १९९६ साली न्यायालयाने स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. शेअरवेअर म्हणजे कोणीही कसेही बदलून वाटावे असा परवाना नव्हे, हे त्या निकालाचे मर्म. पण तोवर काळ पुढे सरकला होता. २०११ साली कित्येक जुन्या वापरकर्त्यांना या ऋणाची आठवण झाली आणि त्यांनी टॅटम यांना आपापल्या परीने पैसे पाठवले. दीड तपाने फेडलेले हे ऋण हृद्य खरे. मात्र ते फेडण्याची यंत्रणा करारात कोठेच नव्हती, हेही तितकेच खरे.

काळ कसा सरकला? मायक्रोसॉफ्टमधील जे. अलार्ड, म्हणजे संहितेच्या पाच लेखकांपैकी एक, यांनी जानेवारी १९९४ मध्ये इंटरनेटचे महत्त्व पटवणारे टिपण आपल्या वरिष्ठांपुढे ठेवले. मे १९९५ मध्ये बिल गेट्स यांनी तोच सूर धरला. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विन्डोज ९५ बाजारात आले आणि त्यात टीसीपी/आयपी व विनसॉक अंगभूत होते. योगायोग असा, की त्याच्या नऊच दिवस आधी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमाने मुंबई-दिल्लीसह काही शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. तेथे दोन प्रकारची खाती मिळत. ‘शेल’ खात्यात केवळ अक्षरे दिसत. टीसीपी/आयपी खात्यात चित्रांसह वेब. दुसऱ्या प्रकारच्या खात्याला आपल्या संगणकावर विनसॉक हवा. म्हणजे आपल्याकडे सर्वसामान्यांच्या इंटरनेटचा आरंभ झाला तो या संहितेच्या स्वतंत्र आयुष्याच्या अगदी अखेरच्या प्रहरी. प्रणालीबरोबरच जे फुकट मिळते ते विकत कोण घेणार? स्वतंत्र संचांचा बाजार आटला. एके काळी या क्षेत्रात अग्रेसर असलेली एफटीपी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये नेटमॅनेजने विकत घेतली. १९९६ मधली विनसॉकची दुसरी आवृत्ती आजही विन्डोजच्या पोटात आहे. तिचे नाव सामान्य वापरकर्त्याला ठाऊक असण्याचे कारण उरलेले नाही.

या इतिहासाचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा, की स्पर्धकांनी एकत्र येऊन सार्वजनिक करार केला आणि त्यातून लाखोंना जाळे खुले झाले. दुसरा असा, की सर्वांनी मिळून पुसलेल्या त्या सीमेचा लाभ सरतेशेवटी ज्याच्या हाती प्रणाली होती त्याला झाला. संच परस्परांना पर्यायी ठरल्यामुळेच मालकाला ते सहज बदलता आले. आमच्या मते हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ग्राह्य आहेत. प्रमाण नसते तर ट्रम्पेटसारखा एकट्याने लिहिलेला संच जगभर पोहोचलाच नसता. प्रमाण होते म्हणूनच तो एका दिवशी अनावश्यक ठरला. प्रमाणभाषेविषयी आपण जो वाद घालतो त्यालाही ही बाजू आहे. प्रमाणामुळे परिघावरच्या लेखकाला दूरचा वाचक मिळतो, आणि त्याच वेळी प्रमाणाच्या नाड्या हाती असणाऱ्याचे बळ वाढते. म्हणून प्रमाण हवे की नको, यापेक्षा ते ठरवताना कोण उपस्थित होते, आणि ते ठरल्यावर त्याचे राखणदार कोण, हे प्रश्न अधिक मोलाचे.

मराठीच्या बाबतीत हे प्रश्न आज प्रत्यक्षातले आहेत. आपले सर्व लेखन आता युनिकोडच्या कराराखाली आहे. ‘कुऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला ऱ पडद्यावर कसा उमटतो, शोधयंत्राला तो सापडतो की नाही, अनुक्रमात कोठे बसतो, हे कोणीतरी एका संहितेत लिहून ठेवलेले असते. ती संहिता वाचणारे, तिच्यावर आक्षेप नोंदवणारे, दुरुस्ती सुचवणारे मराठीचे अध्यापक किती? व्याकरण, लेखनव्यवहार, लिपीचा इतिहास हे आपले विषय. त्यांविषयीचे निर्णय मात्र आपण परस्पर होऊ देतो. १९९१ च्या ऑक्टोबरात त्या चर्चेला मंडळी जमली ती आपापल्या तोट्याचा हिशेब घेऊन, आणि सव्वा वर्षात त्यांनी काम तडीस नेले. एम.ए.च्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेच्या शेजारी अशा तांत्रिक संहितांच्या वाचनाला एखादे प्रकरण दिले, तर निदान त्या बैठकीत बसू शकणारे चार विद्यार्थी तयार होतील.